आधी झाकण, मग बोलणं

आमच्या घरातल्या ज्या खोलीत नाणी पारखली जातात तिथला एक नियम फार कडक आहे. ताटलीतलं नाणं उघडं असेल तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. बोलताना थुंकीचे बारीक कण उडतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण नाण्यावर बसतात आणि काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उमटतो. मग तो कशानेही निघत नाही. म्हणून नाण्यावर आधी लाकडी झाकण ठेवायचं आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. भांडायचं असलं तरी तसंच. आमचा लेक लहानपणी म्हणायचा, "या घरात रागावायलासुद्धा परवानगी काढावी लागते." म्हणूनच की काय, मोठा होऊन तो जहाजावर इंजिनाच्या खोलीत गेला. तिथे म्हणे ओरडल्याशिवाय कुणाला ऐकूच येत नाही.

माझे स्वतःचे सकाळ-संध्याकाळचे नेम आहेत. त्यांची वाच्यता करू नये असं मला शिकवलंय, म्हणून करत नाही. पण देवापुढे बसल्यावर मन कधीकधी जितकं गप्प होत नाही तितकं त्या खोलीत होतं, एवढं मात्र खरं.

आमच्या ह्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. ह्यांचं काम सांगायला सोपं आहे. कुणी नाणं आणून दिलं की ते किती झिजलंय ते सांगायचं, आणि त्यावर काही खोड असेल तर ती कुठली, तेही सांगायचं. खोडी दोन तऱ्हेच्या. एक जन्माची. टांकसाळीत पोलादी ठसा चकतीवर आदळतो, तेव्हा काही चुकलं तर ती खूण नाणं आईच्या पोटातूनच घेऊन येतं. दुसरी नंतरची, म्हणजे खिशातल्या किल्लीने ओरखडलं, पडून काठ चेपला, कुणी उगाच घासलं. जन्माची खोड असलेलं नाणं हौशी लोक जिवापाड जपतात. नंतरची जखम झालेल्याला कुणी विचारत नाही. आणि गंमत अशी, की दिसायला दोन्ही सारख्याच रेघा. फरक सांगणारा माणूस लागतो.

हे नाण्याच्या पाकिटावर दोन ओळी लिहितात आणि खाली सही करतात. पाकिटं मी कापते, मीच चिकटवते. आजवर कित्येकांनी ती सही पाहून आतलं नाणं न बघता घेतलं. याचा मला अभिमान आहे. अभिमान वाईट असं ऐकतच मी मोठी झाले, पण एवढा एक देव मला माफ करेल असं वाटतं.

आता सूनबाईचं सांगते.

ती रबरी शिक्के बनवणाऱ्याच्या घरची. कचेऱ्यांचे, दुकानांचे शिक्के. लहानपणापासून उलटी अक्षरं ती सुलट्यासारखी वाचायची. लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीलाच एकदा मी तिला, "जा, बाबांना चहाला बोलाव," म्हणून खोलीत पाठवलं. ताटलीत नाणं उघडं होतं. तिला नियम कुणी सांगितला नव्हता, तरी ती काही बोलली नाही. नाण्याकडे बघत नुसती उभी राहिली. ह्यांनी झाकण ठेवलं तेव्हा म्हणाली, "बाबा, त्यातलं एक अक्षर पुसट आहे. पण ते झिजल्यासारखं नाही वाटत. उमटलंच नाही असं वाटतं. आमच्याकडे साच्याच्या खोबणीत कचरा बसला की रबराचं अक्षर असंच अर्धवट यायचं."

हे तिच्याकडे बघतच राहिले.

मी बाहेरून हाक मारली, "अहो, चहा निवतोय!"

"चहा गेला खड्ड्यात," आतून आवाज आला. "हिच्यासाठी खुर्ची आण."

तेव्हापासून ती खुर्ची तिथेच आहे. ह्यांनी तिला शिकवलं, पण लाड करून नाही. नाणं फक्त काठाला धरायचं. खाली मऊ कापड असल्याशिवाय उचलायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवा हलवायचा नाही, नाणं फिरवायचं. पूर्ण एक फेरी फिरल्याशिवाय मत बनवायचं नाही. टांकसाळीतून आलेल्या नाण्याची झळाळी फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखी त्याच्या अंगावरून फिरते. घासलेल्या नाण्याची झळाळी जागची हलत नाही. चमकतं ते, पण मेल्यासारखं.

त्यांची भांडणं ऐकण्यासारखी असत. म्हणजे तुकड्यातुकड्याने ऐकण्यासारखी. झाकण ठेवल्याचा आवाज.

"झिजलंय."

"नाही बाबा, ठसा पुरता बसलेला नाही. झिजलं असतं तर नाकाचा शेंडा निस्तेज झाला असता."

झाकण निघालं. शांतता. दोघांची डोकी ताटलीवर. पुन्हा झाकण.

"तुला शेंडा चमकताना दिसतो?"

"दिसतो."

"बरं."

ह्यांच्या तोंडून "बरं" म्हणजे दुसऱ्या कुणी हारतुरे घालण्यासारखं. ती उठून स्वयंपाकघरात यायची आणि मला काही न सांगता नुसती हसायची. मी विचारायचे, "मिळालं वाटतं आज बरं?" मग दोघी हसायचो.

पुढे ह्यांचा हात थरथरायला लागला. नाणं धरताना नाही. तेव्हा अंगठा आणि बोट दगडासारखं स्थिर असायचं. पण सही करताना अक्षर वेडंवाकडं यायचं. एकदा एक गिऱ्हाईक पाकीट उलटसुलट करत म्हणालं, "काका, ही तुमचीच सही ना?" त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "यापुढे सही हिची."

म्हणणं सोपं होतं. नाण्यांच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, आणि मंडळाने मानली तरच सहीला अर्थ. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांना "तोंड उघडा" म्हणत आलेला माणूस आमच्या खोलीत मात्र तोंड मिटून बसायचा, आणि त्याचं त्यालाच हसू यायचं. माणूस भला, पण पक्का.

"काका," ते म्हणाले, "सून हुशार आहे, मला माहीत आहे. पण विश्वास काही दागिना नव्हे, सासऱ्याने काढून सुनेच्या गळ्यात घालायला."

"घालतंय कोण? परीक्षा घ्या," हे म्हणाले.

असं ठरलं की मंडळाच्या जागेत दोघांनी एकाच ताटातली नाणी वेगवेगळी पाहायची आणि आपापल्या चिठ्ठ्या लिहायच्या. झिजेच्या बाबतीत उन्नीस-बीस चालेल. पण जन्माची खोड की नंतरची जखम, यात एका जरी नाण्यावर मतं वेगळी आली तर सही ह्यांचीच राहील. मग ह्यांचा हात थांबला की काम थांबलं, आणि सूनबाई जन्मभर एका रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेली.

आदल्या दिवशी ती मला पाकिटं कापायला मदत करत होती. म्हणाली, "आई, नापास व्हायचं एवढं काही वाटत नाही मला. बाबांसमोर चुकायचं वाटतं."

मी म्हटलं, "तुझं लक्ष नाण्यावर ठेव. बाकीचं बघणारा बसलाय वर."

मंडळाची जागा एका बुकबाइंडरच्या दुकानावर. जिन्यातच खळीचा वास. वर लांबलचक टेबल, एका बाजूला मोठी खिडकी, भिंतीशी खुर्च्या आणि त्यांवर पाच-सहा सभासद. मी पाकिटांची पेटी घेऊन कोपऱ्यात बसले. हे टेबलाच्या अलीकडे बसले, सूनबाई पलीकडे, समोरासमोर. मध्ये डॉक्टर, लग्नातल्या अंतरपाटासारखे. ताट आधी ह्यांच्याकडे, मग तिच्याकडे. कुणीही बोलत नव्हतं. खाली दुकानात कागद कापायचं यंत्र खटकन पडायचं, तेवढाच आवाज.

हे भराभर बघत होते. एकेका नाण्यावर एक नजर, भिंग डोळ्याला, डोळ्यावरून खाली, चिठ्ठी. सभासद एकमेकांकडे बघून माना डोलवत होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही पदर नीट करून जरा ताठ बसले. सूनबाईला वेळ लागत होता. ती प्रत्येक नाणं काठाला धरून सावकाश फिरवायची, पूर्ण फेरी. एक सभासद घड्याळ बघत होता.

सगळं झाल्यावर नाण्यांवर झाकणं ठेवली गेली आणि खोलीला वाचा फुटली. डॉक्टरांनी चिठ्ठ्या जुळवायला सुरुवात केली. जुळतंय. जुळतंय. हेही जुळतंय. मग ते थांबले. दोन्ही चिठ्ठ्या हातात धरून त्यांनी चष्मा वर केला.

"गलबताचं नाणं," ते म्हणाले. एका बाजूला शिडाचं गलबत आणि दुसऱ्या बाजूला एका बाईचा चेहरा असलेलं ते नाणं होतं. चेहऱ्याच्या गालावरून काठापर्यंत एक रेघ गेली होती. "काका लिहितात, न वापरलेलं, पण गालावर ओरखडा. नंतरची जखम. आणि सूनबाई लिहितात, न वापरलेलं. गालावर ठशाची चीर. जन्माची खोड."

ठशाची चीर म्हणजे मार खाऊन खाऊन पोलादी ठसाच तडकतो. मग त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा असतो आत गेलेला. वर आणि आत, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकावर सगळं अडलं होतं.

भिंतीकडून कुणीतरी म्हणालं, "चला! गुरूची विद्या गुरूलाच!" दोघेतिघे हसले.

डॉक्टर नाही हसले. हळूच म्हणाले, "नवीन जागा आहे, दडपण असतं. सूनबाई, पुन्हा एकदा बघून चिठ्ठी बदलायची असेल तर बदला. माझी हरकत नाही."

हेही म्हणाले, "हो, बघ. घाईत निसटतं माणसाच्या नजरेतून." आवाजात राग नव्हता. तिला वाट करून देत होते. बदलली असती तर त्याच क्षणी सही तिची झाली असती. सगळ्यांना तेच हवं होतं. माझे हात आपोआप जुळले, पण काय मागावं ते सुचेना.

तिने झाकण काढलं. सावकाश फिरवलं. गलबताची बाजू नाही, फक्त चेहरा. एक फेरी पूर्ण झाली. झाकण ठेवलं.

"रेघ वर आहे, बाबा."

"आत आहे."

"वर आहे."

ह्यांनी ताटली ओढून घेतली. झाकण, भिंग, झाकण. "अगं, खोबण दिसतेय सरळ! हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"तुम्ही फिरवून पाहिलंत?"

खोली गप्प झाली. नाणी तर झाकलेली होती. ही शांतता वेगळी होती. ज्याने फिरवायला शिकवलं त्यालाच हा प्रश्न! ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्या पाळ्या ठाऊक आहेत. आता काहीतरी लागेल असं बोलतील, असं वाटलं.

"मला फिरवायला शिकवतेस?" हे म्हणाले.

"नाही बाबा." तिचा आवाज बारीक होता, पण तुटला नाही. "तुमच्या एका नजरेत जे दिसतं ते मला दहा फेऱ्यांत दिसत नाही. पण घरी खिडकी तुमच्या डावीकडे असते. इथे उजवीकडे आहे. मला आत्ता, तुम्ही भिंग लावलंत तेव्हा लक्षात आलं. एकदा माझ्या खुर्चीवर बसता का?"

हे खिडकीकडे बघत राहिले. मग समोरच्या खुर्चीकडे. त्यांना कळलं होतं ते मला तेव्हाच दिसलं, पण बाकीच्यांना कळायला वेळ लागला, म्हणून सांगते. उजेड डावीकडून आला की उंच रेघेचा डावा काठ चकाकतो आणि उजवीकडे सावली पडते. ह्यांची नजर वर्षानुवर्षं हेच बघत आली. चकाकी डावीकडे असली की वर, सावली डावीकडे असली की आत. मंडळाच्या टेबलावर उजेड उलटा होता, म्हणून उंच रेघ ह्यांना खोबण दिसली. चेहरा मात्र उंचच दिसला, कारण चेहरा आपल्या ओळखीचा. कसाही उजेड पडू दे, नाक पुढे आलेलंच वाटतं. रेघेला अशी ओळख कुठली? नाणं जरा फिरवलं असतं तर कळलं असतं. पण आपल्याच खिडकीच्या भरवशावर हे अलीकडे फिरवायचं विसरले होते. नवशिक्याकडून ही चूक होत नाही, कारण नवशिका आपल्या नजरेवर एवढा विसंबून नसतो.

हे उठले. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. सूनबाईने खुर्ची रिकामी केली आणि बाजूला उभी राहिली, हात मागे बांधून. ह्यांनी झाकण काढलं, भिंग लावलं आणि नाणं काठाला धरून फिरवायला सुरुवात केली. सावकाश. पूर्ण एक फेरी. मग उलट्या दिशेने आणखी एक. खाली यंत्र दोनदा खटकलं. बोट आणि अंगठा दगडासारखे स्थिर.

झाकण ठेवलं. भिंग काढून पुसलं. पुसायची काही गरज नव्हती.

"बरं," हे म्हणाले.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि चारचौघांत ते दिसायला नको होते.

"डॉक्टर," हे म्हणाले, "चिठ्ठ्या जुळल्या नाहीत, आणि चुकीची चिठ्ठी माझी आहे."

"मग..." डॉक्टर गोंधळले. "नियमाप्रमाणे तर मतं वेगळी आली, की..."

"नियम कशासाठी केला होतात? ती माझ्यासारखं बघते की नाही ते बघायला. आज ती माझ्यासारखं बघती तर एका चांगल्या नाण्याच्या कपाळी कायमचा ओरखडा लिहिला गेला असता. आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलवल्या असत्या."

भिंतीकडचा मघाचा आवाज जरा दबून म्हणाला, "काका, पण मग आमच्याकडे तुमच्या सहीची जी पाकिटं आहेत..."

"ती घरच्या खिडकीत पाहिलेली आहेत," हे म्हणाले. "तरी कुणाला शंका असेल तर उद्यापासून घेऊन या. हिच्यासमोर ठेवा. माझं काही चुकलेलं निघालं तर ही माझी ओळ खोडेल आणि खाली स्वतःची सही करेल. मी शेजारीच बसलेला असेन."

मी ह्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढली. ह्यांना बक्षिसं मिळाली, लांबलांबून माणसं विचारायला आली. पण त्या दिवशी, चूक कबूल करून दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेले असताना ते मला जेवढे मोठे दिसले तेवढे कधी दिसले नव्हते. आणि शेजारी उभी असलेली ती! सासऱ्याला हरवल्याचा चेहरा नव्हता तिचा. नाण्याची चिंता मिटल्याचा होता.

डॉक्टरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक डबी काढली. डबी जुनी, कोपरे झिजलेले. ती त्यांनी टेबलावरून सरकवली, ह्यांच्यापुढे नाही, सूनबाईपुढे.

"हे ताटातलं नाही," ते म्हणाले. "माझं आहे. वडिलांनी दिलेलं. काकांना दाखवेन दाखवेन म्हणत राहिलो."

हे चटकन उठले आणि तिला तिची खुर्ची दिली. ती बसली. डबीतलं नाणं कापडावर घेतलं. मोठं, चांदीचं, आरशासारखं लखलखीत. भिंतीकडचे सभासद पुढे सरकले, पण तोंडं मिटून. एवढं तरी शिकले होते. तिने एक फेरी फिरवली. एका बाजूला कलतं धरलं, पुन्हा फिरवलं. मी डॉक्टरांकडे बघत होते. दुसऱ्यांच्या दाढा न डगमगता उपटणारा तो माणूस, पण दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभा होता.

तिने झाकण ठेवलं.

"डॉक्टरकाका, झीज जवळजवळ नाही. ठसा सुंदर बसलाय. पण हे घासलेलं आहे. सगळ्या अंगावर बारीक रेषा आहेत, एकाच दिशेने. झळाळी फिरत नाही."

नुकतीच पास झालेली, सही अजून मंडळाने तोंडाने मानलेलीही नाही, आणि अध्यक्षांच्या वडिलांच्या नाण्याला ती घासलेलं म्हणत होती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, घरी नेऊन नीट बघते.

"रविवारी," डॉक्टर म्हणाले. "रविवारी आम्ही दोघं मिळून पुसायचो. वडील आणि मी. मऊ फडक्याने. ते म्हणायचे, वस्तू जपायची तर लखलखीत ठेवावी."

"कळतं ते," सूनबाई म्हणाली. "जोर कुठेही लावलेला नाही. फार हळू हाताने पुसलंय. पण पुसलंय."

डॉक्टरांनी मान हलवली. मग हसले, ओले डोळे तसेच ठेवून. "मला वाटतच होतं. म्हणूनच तर दाखवत नव्हतो. कुणी गोड बोलून वेळ मारून नेली असती, तर खरं मानायची माझी तयारी होती." त्यांनी डबी झाकली आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, एक पाकीट द्या. आणि सूनबाई, जसं आहे तसं लिहा. घासलेलं म्हणूनच लिहा. मंडळाच्या वतीने मी आजपासून तीच सही मानतो."

मी पेटीतलं सगळ्यात नीट चिकटवलेलं पाकीट काढून दिलं. तिने ते समोर ठेवलं आणि सवयीने ह्यांच्याकडे पाहिलं, आता बाबा लिहितील अशा नजरेने. ह्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हाताशी ठेवलं. मग मुद्दाम उजेडाच्या आड येणार नाहीत असे बाजूला सरले.

तिने दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. तिची सही मी त्याआधी कधी नीट पाहिली नव्हती. शिक्क्यासारखी स्वच्छ होती, एकही अक्षर पुसट नाही.